साखरेचे हमाल आणि मी

६ ऑक्टोबर
तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट ९.१. डॉक्टर म्हणाले, जानेवारीत आठच्या खाली नाही आली तर इन्सुलिन. रोज. पोटात सुई. छे, अशक्य. बावीस वर्षं बारावीला बायोलॉजी शिकवतोय. साखरेला पेशीत घुसून गाठणार. उद्यापासून तापीच्या पुलापर्यंत चालणे.

७ ऑक्टोबर, पहाटे ५
मनाची तयारी पूर्ण. बूट सापडले नाहीत.

९ ऑक्टोबर
मूळ सापडलं. साखर फुटली की तिच्यातले इलेक्ट्रॉन एनएडी नावाचं कोएन्झाइम उचलतं. पेशीतला हमालच. हमाल कमी, तर माल पडून. एनएडी बनतं नायसिनपासून, नायसिन शेंगदाण्यात. नुसत्या दाण्यांनी ठसका लागतो, म्हणून चिक्की. औषध म्हणूनच.

१३ ऑक्टोबर, सोमवार
उपास सुरू. उपाशी पेशीत एनएडी वाढतं, प्रोटीनांना चिकटलेली अ‍ॅसिटिलची लेबलं निघतात, आणि पेशी चरबी जाळायला घेते. साबुदाणा खिचडी दोन प्लेट (दाण्याचं कूट, म्हणजे पुन्हा नायसिन), राजगिरा लाडू, केळी. ममता म्हणाली, हाऊ उपास शे का पंगत, काही समजी नई ऱ्हायनं. बायकोला लेबलांचं समजावून सांगायला बसलो. मधेच भांडी घासायला उठली. सायन्सची आवड नाही.

२ नोव्हेंबर
पुलापर्यंत गेलो. मोटरसायकलवर. रस्ता पाहून ठेवला.

७ डिसेंबर
गावात घोड्यांची यात्रा. घोडेबाजाराला दोन फेऱ्या मारायच्या होत्या, एक झाली. कॉलेजातल्या दिनेशने जिलबीला बसवलं. पाव किलोच. नाही म्हटलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं.

५ जानेवारी
मास्टरस्ट्रोक. तीन दिवस फक्त ताक आणि कारल्याचा रस. घरच्या मशीनवर उपाशीपोटी ११८. सुईला रामराम.

६ जानेवारी
लॅबमध्ये रुचिका, माझीच जुनी विद्यार्थिनी. तिला ११८ ऐकवलं. ती हळूच म्हणाली, सर, साखर हिमोग्लोबिनले चिकटनी का ती रक्तपेशी मरेपर्यंत निंघत नई, तीनेक महिना. तुम्हीच शिकाडेल शे. अगदी बरोबर सांगितलं. शाबास म्हणालो.

रिपोर्ट ९.८.

घरी आलो. खरं लिहितो, सुईची भीती वाटते, फार वाटते. ममताला म्हटलं, तुला कुठे टोचता येणार, शिकावं लागेल. ती म्हणाली, येतं. ऑक्टोबरातच सिस्टरबाईंकडून शिकून आली. तेव्हापासून दुपारी, मी कॉलेजात असताना, कच्च्या पपईवर टोचते. हात आता चांगला बसलाय म्हणे.