बिनखुणेची मेंढी

९ सप्टेंबर

सुन्नेवानं मागच्या खोलीची काच फोडली. डोक्यानं! मग माझ्या नडगीवर लाथा. अकरा वर्षांची पोर माझी, बळ एडक्याचं.

नर्सबाई म्हणते, "तिनं मारलं की त्याच्या आधी काय झालं ते लिहून ठेव." काय व्हायचंय? शेजारी नवा ट्रॅक्टर सुरू झाला. आवाज वेगळा. बस्स.

तिचा बाप, ब्रांदुर, तिला घोंगडीत गुंडाळून घट्ट धरून बसायचा. फेब्रुवारीत कड्यावरून पडून गेला, मेंढीमागे. मेंढी वाचली!

१२ सप्टेंबर

डोंगरावरची मेंढरं उतरली. सगळ्या गावाची एकत्र, मग वाडग्यात वाटणी, घरागणिक एक कप्पा. दिवसभर नुसती झोंबाझोंबी — शिंगं, गुडघे, शिव्या. सुन्नेवा तिथं राणी! डोळे मिटून कान चाचपते. मी विचारायचं, "कुणाची?" डाव्या कानाला मागून अर्धगोल खाच, आमच्या घरची खूण, लागली की ओरडते, "आमची!" नाहीतर देते ढकलून. एक चुकली नाही.

शेजारचा ओद्दुर चार घोट लावून आला. "काय गं, ब्रांदुर तर गेला. आता तू कुणाची?"

मी गप्प बसणारी होय! म्हटलं, "बिनखुणेची मेंढी मी. लिलावात निघणार. दम असेल त्यानं न्यावी ओढून!"

मेल्यानं खरंच मानेला धरलं, दोन पायांत दाबलं नि आपल्या कप्प्याकडे ओढायला लागला. सगळे खिदळतायत, मीही. तेवढ्यात सुन्नेवा किंचाळत आली — त्याच्या मनगटात दात! सोडवायला तिघे लागले.

वाटेत गाडीत एकच घोकत होती. "कुणाची? कुणाची?"

१३ सप्टेंबर

माझा कान चावली. डावा. हिवाळ्याच्या बेगमीला मेंढीच्या आतड्यांत रक्त-पीठ भरत बसले होते, मागून आली. वाटलं, रक्ताचा वास लागला. आतडी दिली बाहेर ठेवून.

१५ सप्टेंबर

पुन्हा तोच कान! आज रक्ताचा वास नाही, ट्रॅक्टर नाही, काही नाही. केस धरून मान वाकडी केली नि चावली. रक्तानं उशी भिजली.

नणंद आली, अर्न्दीस. याच घरात जन्मलेली. कोकरांच्या कानाला खाच पाडायची कात्री लहानपणी तीच धरायची. आता शहरवाली. म्हणाली, "आज कान, उद्या डोळा. तुला मारून टाकील ती. रेक्याविकला अशा मुलांच्या संस्थेत जागा आहे. शनिवारी गाडी आणते."

"आणि तू काय करशील, माझ्या जागी लाथा खाशील?"

"थट्टा पुरे गं."

खरंच पुरे.

१७ सप्टेंबर

मी मारलं तिला. थोबाडीत, दोनदा. दारात अडवून कानावर झेप घेतली म्हणून. रडली नाही. ओठातून रक्त आलं तरी हात माझ्या कानाकडेच.

अर्न्दीसला फोन केला. म्हटलं, आण गाडी.

१८ सप्टेंबर

तुकडा गेला. तोडलाच. तिनं तो जमिनीवर थुंकला, मला बाकावर बसवलं नि दार लावून घेतलं.

मग शांत! लाथ नाही, डोकं आपटणं नाही. माझ्या मांडीला पाठ टेकून दही खाल्लं, वाटीभर. फेब्रुवारीपासून अशी टेकली नव्हती. कळेना मला.

तिची बॅग भरली.

१९ सप्टेंबर

गाडी आली. मी बॅग दाराबाहेर ठेवली. अर्न्दीस म्हणाली, "आधी तो कान दाखव." पट्टी सोडली.

बघतच राहिली. मागच्या कडेवर बोट फिरवलं. अर्धगोल.

"अगं," म्हणाली. मग बाकावर बसली. हळूच विचारलं, "सुन्नेवा, ही कुणाची?"

"आमची!"

बॅग अर्न्दीसनंच घरात आणली.