कमरेची सुपारी

४ फेब्रुवारी २०२५, मिरजगाव

घर झालं. कागदावर अजिनाथ असं माझं नाव. पिकअप विकावी लागली, पण झालं. माळवदाच्या दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी, न्हाणीशेजारी शेवगा. भिंतीत एक देवळी आहे, तिथे मोबाईल ठेवला तरच रेंज येते. निकिताचे वडील दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते, कॉलेज अर्धवट, राहायला भाड्याची खोली, अशाला पोरगी देऊ का. तेव्हा मी त्यांच्या काउंटरची काच फोडली होती. आता हे घर. त्यांच्या दुकानापासून तिसरी गल्ली. रोज येता-जाता दिसू दे.

विकणारे सहादूकाका आणि चांगुणामावशी, साठीच्या पुढचे. आता मळ्यात राहायला गेले. मी घासाघीस करायच्या आधीच निम्म्या भावावर आले. चौकशी एकच केली, लगीन झालंय का. नाही म्हटल्यावर मावशींनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

७ फेब्रुवारी

वास्तुशांत. गुरुजी म्हणाले, एकट्याला पूजेला बसता येत नाही, बायकोच्या जागी कमरेला सुपारी लाव. मी दुकानाकडे निघालो तर मावशी म्हणाल्या, ‘आमच्या डबीतली हाय की.’ तांब्याच्या डबीतून काढली. काळपट, एका अंगाला हळद. माझ्या कमरेला त्यांनीच खोचली आणि रडायला लागल्या. घर सोडताना वाईट वाटणारच. पंगतही त्यांनीच घातली. मी कशाला म्हटलं, तर काका म्हणाले, ‘आमचं कामच हाय ते.’

१२ फेब्रुवारी

गल्लीत सगळे मला जावई म्हणायला लागलेत. समोरच्या बनूबाई तर रोज सकाळी, ‘जावई, च्या घेता का?’ म्हणजे निकिताचं आणि माझं गावभर झालंय. होऊ दे. तिच्या बापाच्या कानावर गेलं तर अजून बरं.

सुपारी पूजेनंतर देवळीत ठेवली होती. सकाळी उठलो तर पँटच्या कमरेत. असं दोनदा झालं. झोपेत मीच खोचत असेन. मावशी रोज डबा आणतात. भाकरी दोघांना पुरेल एवढी.

१६ फेब्रुवारी

निकिता आली. भर दुपारी, तोंडाला ओढणी बांधून. सगळं घर फिरली. म्हणाली, अज्या, न्हाणीला दार बसव, असल्या उघड्यावर मी अंघोळ करायची नाही. म्हणजे येणार राहायला.

सुपारीचं सांगितलं तर हसत सुटली. देवळीतून उचलली, ‘ही होय माझी सवत’, आणि दारातून थेट गटारीत भिरकावली. आम्ही पोट धरून हसलो. घरात तिसरं कोणी नव्हतं. जाताना उंबऱ्यात थांबून ती गाल चोळत होती. दाढ ठणकतेय म्हणाली.

१७ फेब्रुवारी

निकिताची दातखीळ बसलीय. तिचा भाऊ वाल्मिक भेटला. काल रात्रीपासून तोंड उघडत नाही, पाण्याचा थेंब आत जात नाही. नगरला दवाखान्यात नेलं. धनुर्वात म्हणतात, पण अंगावर जखम कुठेच नाही.

सकाळी सुपारी कमरेला होती. ओली. गटारीचा वास.

१८ फेब्रुवारी, सकाळ

मळ्यात जाऊन काकांची गचांडी धरली. त्यांनी माझा हातही झटकला नाही. बशीतला चहा संपवला आणि सांगितलं. एकुलती लेक, ज्ञानेश्वरी. बारा वर्षांपूर्वी याच घरात तिची सुपारी फुटायची होती. पाहुणे आलेच नाहीत. संध्याकाळी पोर विहिरीत. तेव्हापासून सुपारी डबीत आणि पोर घरात. ‘घर कुनाला इकायचं हुतं? लेक उजवायची हुती.’

मी म्हटलं, आणि निकिता? तिने काय केलं?

मावशी चुलीपुढून म्हणाल्या, ‘सवत म्हनली ना ती.’

१८ फेब्रुवारी, दुपार

ओट्यावर बसलो आणि अडकित्त्याने सुपारी फोडली. चार तुकडे. एकदम मोकळं वाटलं. समोरून बनूबाई बघत होत्या. पदर डोक्यावर घेऊन म्हणाल्या, ‘फोडली का? मंग ठरलं म्हनायचं.’

तेव्हा कळलं. आपल्यात सुपारी फोडतात ती लग्न पक्कं करायला. मी ती माझ्या — माझ्याच हाताने —

१९ फेब्रुवारी

नगरच्या एसटीसाठी तीनदा निघालो. तीनदा याच ओट्यावर.

मावशी ताट घेऊन आल्या. तांदूळ, वर अंगठी. नवरीचं नवं नाव नवऱ्याने तांदळात लिहायचं. कोणतंही लिव्हा, म्हणाल्या, नाव भेटलं की लेक निवंल, तुमच्या त्या पोरीचं त्वांड उघडंल. लक्ष्मी लिहायचं ठरवलं. अंगठी धरली. तीन वर्षं वह्यांच्या मागच्या पानांवर या हाताने एकच नाव लिहिलंय. हात थांबला तेव्हा ताटात — निकिता.

पुसायला गेलो. मावशींनी ताट उचललं. ‘ग्वाड नाव हाय.’

अकरा वाजून वीस मिनिटं.

नंतर वाल्मिकचा फोन. अकरा वीसला दातखीळ सुटली. तोंड उघडलं, आणि गेली.

२० फेब्रुवारी

उंबऱ्यावर माप. तांदळाने शिगोशीग. काका-मावशी ओट्यावर, नवे कपडे. मी भिंतीला टेकून लिहितोय —

वारा नाही. माप कलंडलं. आत.

तांदळावर पाऊल. ओलं. दुसरं —

हसली. निकिताच. तिचंच हसणं. पण ती मला अज्या म्हणते. भांडतानासुद्धा अज्याच —

आता शेजारी. कानाशी. गार —

अहो म्हणाली. अहो, ती वही ठेवा आणि जरा माझ्या