न तुंबणारं मेंब्रेन

३ फेब्रु., मंगळ.
व्हाइटफील्डच्या सोसायटीतल्या सांडपाणी प्लांटवर आमचं पाणी गाळायचं मेंब्रेन लावून आज चाळीस दिवस. तुंबलं की दाबाचा काटा वर चढतो; तो जागचा हललेला नाही. आधीची तीन मेंब्रेनं बुळबुळीत थर चढून आठवड्यात तुंबली. चौथ्याला मी नवा लेप दिला, आणि हे! सर खूश. शुक्रवारी हॉस्पिटलच्या लोकांना आकडे दाखवणार, त्यांच्या प्लांटवर हेच बसवायचं. तिथे तुंबलं तर घाण पाणी उलटून थेट वॉर्डाखाली.
मला जेवण जात नाहीये. सांडपाणी इतकं शहाण्यासारखं कधी वागतं?

४, बुध.
कुणाला न सांगता सकाळी सातला प्लांटवर. मंजुअण्णा, तिथले ऑपरेटर, उकिडवे बसलेले. मेंब्रेनचं झाकण उघडं, हातात स्पंज, ब्लीचचा वास.
"अण्णा, हे काय?"
"रोज स्वल्प धुतो, मेडम. तिसरं तुंबलं तेव्हा तुम्ही इथे पायरीवर बसून रडलात. म्हटलं, हे तरी चालू दे."
रोज. चाळीस दिवस. माझा लेप पहिल्याच आठवड्यात ब्लीचने गेला असणार.
त्यांच्या डोक्यावर भिंतीला माझी पाटी, 'उघडू नये'. इंग्रजीत. अण्णांना फक्त कन्नड वाचता येतं. मी कधी विचारलंच नव्हतं.
रागावता आलं नाही.

५, गुरु.
हेब्बाळच्या ऑफिसात सरांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावलं.
"दाब वाढला नाही हे तर खरं ना?"
"धुतल्यामुळे वाढला नाही, सर."
"त्या माणसाच्या ठेकेदाराला कळवतो."
म्हणजे अण्णांची नोकरी.
"चूक माझी आहे. त्यांना मी नीट सांगितलं नाही. अहवालात माझं नाव लिहा."
सरांनी पुन्हा दार उघडलं. मग, "उद्याचं मी बघतो." बघतो म्हणजे काय?

६, शुक्र.
मीटिंगला मला बोलावलं नाही. साडेनऊला मेल लिहिला: चाचणी बाद, कारण असं असं, जबाबदारी माझी. सरांना, आणि हॉस्पिटलच्या इंजिनियरांनाही.
मीटिंग रद्द. सर समोरून गेले, बघितलंही नाही. सोमवारी ऑफिसला यायचं की नाही तेही माहीत नाही.

९, सोम.
आले. कुणी काढलं नाही. तोच लेप दिलेलं नवं मेंब्रेन बसवलं, कुलूप घातलं. कन्नड पाटी अण्णांनी स्वतः रंगवली, हे मोठ्ठं अक्षर. अण्णा अजून आहेत. ठेकेदाराला कुणी काही कळवलेलं दिसत नाही. सर बोलत नाहीत.

१२, गुरु.
चौथा दिवस. काटा केसभर वर. थर धरतोय की पंपच तसा चालतोय, इतक्यात सांगता येत नाही.
अण्णा हात मागे बांधून उभे. "वर जातोय, मेडम."
"दिसतंय."
"मी हात लावला नाही."
"माहीत आहे, अण्णा."
तेवढ्यात सरांचा फोन, आठवड्यातला पहिला. हॉस्पिटलवाले विचारतायत, न धुता तीस दिवस चालवून दाखवाल का?
हो म्हटलं. फोन ठेवल्यावर पुन्हा काट्याकडे पाहिलं.
अजून सव्वीस दिवस.