ऑपरेशनच्या सकाळची दही-साखर

सौ. रुखमाबाईस सुरतेच्या दवाखान्यातून आशीर्वाद. कोरीटला सगळे बरे आहेत ना? तुझे गुडघे कसे आहेत?

आपली नात यामिनी हसतमुख आहे. ऑपरेशन यंत्राच्या हातांनी करणार आहेत. "आबा, यंत्रना हात डॉक्टरच चालाडस," असं मलाच समजावते. पोट लहान करायच्या या ऑपरेशनने वजन उतरलं की झोपेत तिचा श्वास अडकणार नाही.

तू सांगितलं होतंस म्हणून सकाळी तिच्या हातावर दही-साखर ठेवली. पोट रिकामं ठेवायचं होतं, पण तुझं नाव ऐकून तिने खाल्ली. काही खाल्लं का, असं नर्सने विचारलं तेव्हा आम्ही दोघंही नाही म्हणालो. आता शेजारची बाई सांगते, भूल दिल्यावर खाल्लेलं उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं.

"आबा, सांगशी तर मन्हा नंबर जाई," असं म्हणत, ऑपरेशनची पाळी हुकेल या भीतीने ती माझा डावा हात धरून बसली आहे.

तुझा यात दोष नाही. ती रडली तरी हात सोडवून मी खरं सांगायला नर्सकडे निघालो आहे.

यामिनीचे आबा