पट्टी कोणत्या डोळ्यावर?

जालना,
१४ जुलै १९७६

चि. साहेबराव यास,
सप्रेम जयभीम.

तुझे पत्र पोचले. त्यावर दिनांक नव्हता. तो घालावा, हे तू पाचवीत असल्यापासून सांगत आले आहे. आईचे गुडघे बरे आहेत हे वाचून समाधान वाटले.

प्रथम वस्तुस्थिती क्रमाने मांडते. तुझी बेबीनंदा सात वर्षांची आहे. मे महिन्यात तुम्ही तिला वडीगोद्रीहून इथे आणलेत, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला तपासले. तिचा उजवा डोळा उत्तम आहे. डावा दिसायला तसाच टपोरा, परंतु त्याचा नंबर फार मोठा. दोहोंत एवढा फरक असल्याने मेंदूने सारे काम उजव्यावर सोपवले आणि डावा आळशी झाला. म्हणून चष्मा सदैव लावायचा व रोज काही तास उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायची, असे ठरले.

आता तू अभिमानाने लिहितोस, "अक्का, पट्टी बांधून बी पोरगी घडाघडा वाचून राह्यली. जल्दी गुण आला."

चांगला डोळा झाकल्यावर ती इतक्यात घडाघडा वाचूच शकत नाही. पट्टी चुकीच्या डोळ्यावर आहे. कोणी हलवली, हेही मला ठाऊक आहे. आई दवाखान्यातच म्हणाली होती, "अधू डोळ्याला आराम द्यायचा सोडून बऱ्यालाच झाकून राह्यलास? बिलकुल उलटं शिकून आलास की रं बाबा!" डॉक्टर हसले. मी हसले नाही.

आईला असे सांग: जोडीतला एकच बैल ओढत असेल, तर दुसरा नुसता शेजारून चालतो. त्याच्या अंगात जोर यावा म्हणून ओढणाऱ्याला काही वेळ गोठ्यात ठेवावे लागते. तू सांगितलेस तर पटेल. माझे ती ऐकत नाही. ती कोणाचेच ऐकत नाही. मी तिच्यावर गेले आहे, हे लिहून कळवण्याची आवश्यकता नाही.

आणि गावात कोणी कुजबुजले, तर हा जगावेगळा आजार नव्हे. डॉक्टरांच्या मते शंभर मुलांत एखाद-दुसऱ्याचा डोळा असाच मागे राहतो आणि घरात कोणाला पत्ता नसतो. मला ही अतिशयोक्ती वाटली. म्हणून गेल्या आठवड्यात त्यांना मुलींचे डोळे तपासायला शाळेत बोलावले. मुलींना पद्धत कळावी यासाठी अक्षरांच्या तक्त्यासमोर प्रथम मुख्याध्यापिका, म्हणजे मीच, उभी राहिले. उजवा डोळा झाकला, आणि मी त्यांना बजावले, "तुमचा तक्ता नीट छापलेला नाही."

"बाई, तक्ता बराबर आहे," ते म्हणाले.

मुली हसल्या नाहीत. माझ्या शाळेत हसत नाहीत.

लहानपणी विटी झेलताना माझ्या हातून सुटे आणि तू टाळ्या पिटायचास, ते आठवते? सुईत दोरा ओवताना मी आजवर सुईलाच दोष दिला. एम.ए.ला पहिली आले, ती एका डोळ्यावर. या वयात दुसरा शिकेल अशी आशा डॉक्टर देत नाहीत. बेबीनंदाच्या वयात ती आशा आहे. आणखी दोन-तीन वर्षांनी राहणार नाही.

तेव्हा उलटटपाली लेखी उत्तर हवे. ते तू लिहायचे नाहीस. बेबीनंदाने लिहावे, चष्मा लावून, उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून. अक्षर वाकडे आले तरी चालेल. हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच लिहीत आहे. फक्त तिला म्हणावे, अक्षरे भरपूर मोठी काढ. आत्याही उजवा डोळा झाकूनच वाचणार आहे.

उत्तराच्या वाटेकडे दोन्ही डोळे लावून बसलेली,
तुझी अक्का
शिवकन्या