रिकाम्या खोलीचा फोटो

लालबाग, १२ जून

प्रिय यशोधन,

तुझं पुस्तक पाहिलं. तू पाठवलेलं नव्हे. बिल्डरच्या माणसाने सुनावणीत आमच्यासमोर टेबलावर ठेवलं ते. पान चाळीस. आमची खोली, खिडकीतून आलेला उजेड, कपाट हलवल्यावर भिंतीवर उरलेला फिकट चौकोन आणि माणूस कुणीच नाही. खाली तुझी ओळ, महिन्या-वर्षासकट: ‘घर सोडून गेलेलं कुटुंब, लालबाग.’

कुठे गेलो होतो रे आम्ही? दाराबाहेर गॅलरीत उभे होतो. कपाट, फ्रिज, गाद्या, आईची शिलाई मशीन, सगळं तुझ्या सांगण्यावरून मी आणि बाबांनी ओढून बाहेर काढलं होतं. शेजारच्या कमलकाकू हसल्या, “काय गो, आजच बिऱ्हाड हलवतंस?” बाबांनी मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घातला होता. तू तो काढायला लावून त्यांना गंजीवर बसवलंस, चार-पाच फोटो काढलेस आणि म्हणालास, “काका, आता तुम्हीपण जरा बाहेर.” सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस स्वतःच्या खोलीबाहेर झाला. पोरगा आपल्यासारख्यांची घरं कशी जातात ते जगाला दाखवतोय, असं त्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. दोन वर्षं तू आमच्यात जेवलास. तुला सोसत नाही म्हणून आई तुझं कालवण कमी तिखटाचं वेगळं काढायची.

त्याच महिन्यात नव्या इमारतीसाठी पात्रतेचा सर्व्हे झाला. त्या दिवशी आईला घेऊन आम्ही परळला हॉस्पिटलात होतो, म्हणून दाराला कुलूप. त्याचं उत्तर आमच्याकडे होतं: डिस्चार्जचा कागद, लाइटबिलं. सुनावणी घेणारे साहेब ऐकतही होते. मग ते पुस्तक उघडलं. “काका, हा फोटो तुमच्या ओळखीच्याच माणसाने काढलाय ना?” बाबा म्हणाले, “होय तर! आपल्या यशोधननं.” अभिमानाने म्हणाले रे. यादीत आमच्या नावापुढे आता ‘अपात्र, खोली वापरात नाही’ असं लागलंय.

मी फोन केला तेव्हा तू म्हणालास, फोटो एकदा बाहेर गेला की आपल्या हातात राहत नाही. किती छान बोलतोस! या पुस्तकाला मिळालेलं बक्षीस घेतानाही असंच बोलला असशील. खोटं फोटोने नाही सांगितलं, ती ओळ तू लिहिलीस.

अपिलाची सुनावणी मंगळवारी सकाळी अकराला आहे. त्या दिवशीचे सगळे फोटो घेऊन ये. बाबा खोलीत बसलेले, सामान गॅलरीत ठेवलेलं, सगळे, तारीख-वेळेसकट. आणि सहीनिशी लिहून दे की खोली दोन तासांसाठी तू रिकामी करवलीस, त्यात माणसं राहत होती आणि ओळ खोटी आहे. बक्षीस परत मागतील, लोक हसतील, मला ठाऊक आहे. तरी ये. तू येणारच असं बाबा चाळभर सांगत सुटलेत. आजवर तुझी बाजू मी घेत आले, मंगळवारनंतर मला ते जमणार नाही.

अजून तरी तुझीच,
अपेक्षा