दसऱ्याआधी वाटलेली पिलं

आप्पा, आमची कुत्री माजावर आलीय आणि चार दिवस झाले माझं डोकं नुसतं भणभणतंय. दारात अर्ध्या वडवणीचे कुत्रे. जो तो सांगतोय, एक तरी वेत होऊ द्या, नाहीतर कुत्री बिघडती. तुमचंच वाक्य! तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचं हे शास्त्र काही गेलं नाही. शेजारच्या वहिनींनी तर भावाचा कुत्रासुद्धा ठरवून ठेवलाय. उद्या मला हो की नाही सांगायचंय.

तुम्ही गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. त्या दुष्काळात एक कॅन भरायची मारामार, तरी आपल्या कुत्रीला सहा पिलं झाली म्हणून तुम्ही खूश. दूध घालायला येईल त्याला म्हणायचात, "घेऊन जा बे, लई गुणाची हायेत." लोकांनी हौसेनं नेली. मग दसरा झाला, टोळ्या ऊसतोडीला निघाल्या, आणि त्या साली म्हातारीकोतारीही मागं राहिली नाहीत. घरांना कुलपं. कोण कुठल्या कारखान्यावर जाणार हे तुम्हाला तोंडपाठ असायचं, मग पिलू देताना एवढं साधं कसं सुचलं नाही? मला अजून चीड येते.

अजून डोळ्यांपुढं येतं, मी शाळेतून येतेय आणि कुलपाच्या दारांपुढं पिलं बसलीत, पोटं खपाटीला गेलेली. संस्थेतलं तांब्याभर दूध मी त्यांना नेलं, तेव्हा तुम्ही केवढ्यानं ओरडलात. "रडतीस कावून? कुत्रं हाय, जगतंय कुठंबी!" कुठलं जगतंय! एकच जगलं. ते रोज आपल्या दारात येऊन बसायचं.

म्हणून आता पिलू मागणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारते, दसऱ्यानंतर घरी कोण? आज वहिनींनाही विचारलं. त्या हसल्याच. "आवं, आमी तर कारखान्यावर. तुमी हायतच की बघायला." झालं! मी कुणाकुणाचं बघू? उद्या सरळ 'नाही' म्हणून सांगणार. माज उतरला की कुत्रीला बीडला नेऊन ऑपरेशन करून घेणार. वहिनी चार दिवस बोलणार नाहीत, न बोलोत.

हे सगळं तुम्हाला चांगलं सुनवायचं म्हणून लिहायला बसले होते. पण तुम्ही असतात तरी हा कागद तुमच्या हातात दिला नसता. ते जगलेलं पिलू आपणहून कुठं गेलं नव्हतं, आप्पा. रोज माझ्या तोंडाकडं बघायचं आणि माझ्याकडं द्यायला काही नसायचं, मला ते सहन होईना. मावशीकडं चौसाळ्याला जाताना मी त्याला पिशवीत घातलं आणि मोठ्या रस्त्याच्या कडेला सोडून आले. तुम्ही दोन दिवस त्याला शिट्ट्या मारत गावभर हिंडलात, आणि मीही तुमच्याबरोबर शोधत हिंडले.